त्या डीजेनं काढून टाकलंय

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच — ती गेली, तेव्हाही नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा हे वाक्य मी पूर्ण होऊ देत नाही. अर्ध्यावर आलं की संध्याकाळी भाजी काय करायची याचा विचार सुरू करते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. ओळखीच्या माणसानं लगेच म्हटलं असतं, "जाऊ दे गं, लहान होतीस." लहान नव्हते मी. चांगली घोडी झाले होते, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि आपण काय करतोय ते मला नीट कळत होतं.

गोष्ट माझ्या भावाची आहे. मिलिंददादाची — त्याच्या कानांची. पण ती सुरू होते गाण्यांपासून, तेव्हा आधी गाण्यांचं सांगते. मी टाळतेय असं वाटेल. टाळतेच आहे थोडी.

बाबांची कंपनी बंद पडली आणि मागोमाग तेही गेले. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्या, आई आणि मी — सगळं दादावर आलं. आयटीआय करून तो चाकणला एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदारामार्फत लागला. गाड्यांचे पत्र्याचे भाग तिथं बनतात. पत्रा साच्यावर सरकवायचा, वरून प्रेस उतरतो, ठोका बसतो, भाग उचलायचा, पुढचा पत्रा. दिवसभर हेच. आणि प्रेस एक नाही, ओळच्या ओळ. फॅमिली डेला मी एकदा आत गेले होते. थोड्याच वेळात माझे दात दुखायला लागले — कान नाही, दात. कानात घालायचे केशरी बोळे कंपनी द्यायची, पण ते सगळ्यांच्या गळ्यात लोंबत असायचे. कारण साचा नीट बसलाय की नाही, हे तिथला माणूस ठोक्याच्या आवाजावरून ओळखतो, आणि बोळे घातले की नेमकं तेच ओळखू येत नाही. दादाला ते ओळखण्याचा फार अभिमान होता.

तर त्याच्या एका मित्राची हळद होती. दादाला काम सांगितलं होतं की पिंपरी कॅम्पातून नॉनस्टॉपची सीडी आण. नॉनस्टॉप म्हणजे गाणी मधे न थांबता एकामागून एक वाजत राहतात, पोरांना नाचताना खंड पडत नाही. दुकानदारानं खोक्यात हात घालून एक सीडी दिली. नॉनस्टॉप होती, त्यात काही खोटं नव्हतं. पण हळदीत लावली आणि त्यातून काय निघालं? कुठल्याशा परदेशी बाईचा उसासा. मग पियानो. मग लांबून, अगदी सावकाश येणारा ठेका. पोरं हळदीचे हात घेऊन तशीच उभी. "काय राव मिल्या, मयताला आणली का सीडी?" असं म्हणत त्यांनी दादाला पार हैराण केलं, आणि तो ती सीडी खिशात घालून घरी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. दुपारी आई झोपली होती. मी कॉलेजला दांडी मारली होती. दादानं सीडी लावली. पहिल्या गाण्याला आम्ही दोघं फिदीफिदी हसलो. दुसऱ्याला गप्प झालो. तिसरं सुरू कधी झालं ते कळलंच नाही — आणि तिथंच अडकलो आम्ही. प्लेअरवरचा आकडा दोनाचा तीन झाला होता, पण गाणं तर तेच चालू होतं! दादानं मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे. मग कळलं की तिसरं गाणं दुसऱ्याच्या पोटात आधीच शिरलेलं असतं. आधी नुसती एक बारीक चिस-चिस. मग ठेका. मग हळूच दुसरं निघून जातं आणि तिसरं उरतं. कव्हरवर कुणा डीजेचं नाव होतं. गाणी त्याची नव्हती, त्यानं नुसती एकात एक मिसळली होती.

"अगं मने," दादा म्हणाला, "हा माणूस जोडच दिसू देत नाही. आमच्या वेल्डिंगवाल्यांना दाखवला पाहिजे."

आणि मग म्हणाला, "ह्यात कुणीच ओरडत नाही बघ."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आठ तास — ओव्हरटाइम धरला तर बारा — प्रेसखाली उभा राहणारा माणूस असं म्हणतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं हे न कळायला मी काही मूर्ख नव्हते.

कव्हरवर लिहिलं होतं लाउंज. लाउंज म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. दादा एकदा त्याच्या कंपनीतल्या साहेब लोकांच्या लाउंजमध्ये पाण्याचा जार पोचवायला गेला होता, तेवढाच त्याचा अनुभव. त्यावरून त्यानं ठरवलं की लाउंज म्हणजे जिथं बसायला मऊ खुर्ची असते आणि काम काही नसतं. नाइट क्लबात तर आजही आमच्यापैकी कुणी पाय ठेवलेला नाही. पण ती गाणी आम्ही पोटभर ऐकली. कॅम्पातल्या त्या दुकानात दादा मग दर थोड्या दिवसांनी जायला लागला. दुकानदार असल्या सीडी त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा, कारण दुसरं कुणी घेतच नव्हतं. कव्हरवर समुद्र, निळे दिवे, लाल सोफ्यावर पसरलेल्या बाया. आईला कौतुक शून्य. "बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ही असली चित्रं न्हाई ठेवायची," असं तिनं बजावलं होतं. म्हणून आमचा सगळा खजिना गादीखाली असायचा.

नावं आम्हाला यायची नाहीत. वाद्यांचीही नाही. मग आम्ही आमचीच ठेवली. चिस-चिस. डुम. पाणी. "ती बाई" — म्हणजे उसासेवाली. आणि एक गोष्ट लवकरच ध्यानात आली की तेच गाणं दुसऱ्या सीडीत दुसऱ्या डीजेनं घेतलं की वेगळं लागतं. एकानं पाणी ठेवलेलं, दुसऱ्यानं काढून टाकलेलं. एकाकडे ती बाई सुरुवातीला, दुसऱ्याकडे पार शेवटी. हे जरा लक्षात असू द्या. पुढं मी ह्याचाच फायदा घेतला.

आमचा एक खेळ होता. डोळे मिटून बसायचं आणि पुढचं गाणं आत शिरलं असं वाटलं की बोट वर करायचं. आधी बोट वर करेल तो जिंकला. हरणाऱ्यानं चहा करायचा. सुरुवातीला मी चहा करून करून वैतागले. दादा इतक्या आधी बोट वर करायचा की मला वाटायचं, हा पाठ करतोय. मी नव्या सीडीवर खेळायला लावायचे, तरी तोच जिंकायचा. तिखट कानाचा होता तो. प्रेसचा ठोका ऐकून साचा ओळखणारा, त्याला एक चिस-चिस कशी चुकेल?

मग मी जिंकायला लागले.

आधी एखाद्या वेळी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! मग वरचेवर. मग प्रत्येक गुरुवारी. दादा चहा करायचा, आल्याचा, झकास करायचा, आणि म्हणायचा, "शिष्या गुरूला भारी पडली." मी कॉलर ताठ करून बसायचे. किती दिवस लागले मला हे कळायला की मी सुधारलेले नाही? मी जिथं होते तिथंच होते. एका गुरुवारी मी मुद्दाम डोळे उघडे ठेवले आणि त्याच्याकडे बघत राहिले. नवं गाणं आलं. चिस-चिस, चिस-चिस, अगदी स्वच्छ, माझ्या डोक्यात कुणी काच पुसावी तशी. दादाचा चेहरा शांत. बोट मांडीवर. चिस-चिस चालूच आहे, आणि तो वाट बघतोय. डुम आला तेव्हा त्याचं बोट वर गेलं. तो हसत होता. त्याला वाटलं, आज आपण जिंकलो.

मी माझं बोट वर केलंच नव्हतं. मग केलं, त्याच्यानंतर. "हरलीस!" तो म्हणाला, आणि मी उठून चहा ठेवला.

हा पहिला खोटेपणा. तुम्ही म्हणाल, मायेनं केलं असेल. हो, त्या दिवशी बहुतेक मायाच होती. पुढच्या गुरुवारीही मी हरले. त्याच्या पुढच्याही. हरण्यात मी इतकी पटाईत झाले की त्याच्या बोटाच्या मागोमाग, अगदी केसभर उशिरानं, माझं बोट जायचं. आणि मला ठाऊक होतं ना — बारीक आवाज आधी जातात, जाड मागाहून, हे आमच्या कॉलेजातल्या सुरक्षेच्या तासाला शिकवलं होतं. कारखान्यातल्या आवाजानं कान कसे जातात, याच्यावर परीक्षेत प्रश्न यायचा. मी त्याचं उत्तर लिहून पास झालेली मुलगी होते.

बोलले का नाही? तेवढंच विचारा मला. बाकी काही विचारू नका.

आमच्या घरात त्या वर्षी एकच बोलणं चालू होतं: डिप्लोमानंतर माझं काय. मला पुढं डिग्रीला जायचं होतं. फी सरकारी सवलतीत भागली असती, तेव्हा फीचं निमित्त मी तुम्हाला देऊ शकत नाही. प्रश्न फीचा नव्हताच. घर चालायचं दादाच्या ओव्हरटाइमवर. आई स्पष्ट बोलायची. "त्याचा ओव्हरटाइम हाय तवर शिक. तो थांबला की तूही नोकरीला लाग, बस झालं." नोकरी म्हणजे काय, तर कुठल्यातरी कंपनीत ट्रेनी, लाइनवर उभं राहून. माझ्या वर्गातल्या मुली जात होत्या, त्यात कमीपणा काही नव्हता. पण मला नको होतं ते. मला ऑफिस पाहिजे होतं. खुर्ची पाहिजे होती, एसी पाहिजे होता, गळ्यात कार्ड पाहिजे होतं. किती पाहिजे होतं, हे लिहिताना आजही माझ्या कानशिलाला घाम येतो.

वर्षातून एकदा त्यांच्या कंपनीत कान तपासायला गाडी यायची. आत एक खोकं, खोक्यात माणूस बसवायचा, कानाला हेडफोन. शिट्टीसारखा बारीक आवाज आला की बटण दाबायचं. दादा घरी येऊन हसत सांगत होता, "आपल्या खेळासारखंच आहे गं. पण त्यांचं काहीतरी बिघडलं होतं, मधेमधे वाजतच नव्हतं." मी पोळी लाटत होते. लाटत राहिले.

चार-आठ दिवसांनी त्याच्या सुपरवायझरनं त्याला बाजूला घेतलं. माणूस चांगला होता. दादानं घरी येऊन त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "मिलिंद, तुझ्या कानाचा रिपोर्ट बरोबर नाही. स्टोअरला एक जागा होतीये. ओव्हरटाइम नाही तिथं, पण शांत आहे. मी नाव टाकतो तुझं. सुट्टीनंतर सांग, लोक टपलेत त्या जागेवर."

दादाचा विश्वास बसला नव्हता. त्याचे कान? जो ठोक्यावरून साचा ओळखतो त्याचे? आई म्हणाली, जागा सोडू नको. लगेच माझ्याकडे बघून म्हणाली की मग हिचं बघावं लागंल. तिनं ते वाईट हेतूनं म्हटलं नाही. ती हिशेबी बाई होती, तिला तसं असावंच लागलं. दादा कुणाकडेच बघत नव्हता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मने, गुरुवारी ती पहिली सीडी काढून ठेव. ती मला तोंडपाठ आहे. ती ऐकली की माझं मलाच कळेल, काय जातंय न् काय राहतंय."

बरोबर होतं त्याचं. कुठल्याही डॉक्टरनं केली नसती अशी चोख तपासणी होती ती. त्या सीडीतला प्रत्येक आवाज त्याला ठाऊक होता. जो आला नसता तो कानानं खाल्ला, हे त्याला तिथल्या तिथं समजलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्टोअरला हो म्हटलं असतं. कान आहेत तेवढ्यावर थांबले असते.

गुरुवारी सकाळी तो मटण आणायला गेला. मी गादी उचलली. सीडी काढली, ओढणीत गुंडाळली, आणि चालत पुलावर गेले. पवनेच्या पुलावर — आमच्या घरापासून जवळच आहे. कठड्यावरून हात बाहेर काढला आणि सोडली खाली.

उन्हाळ्याचे दिवस होते. नदीवर जलपर्णी इतकी माजलेली की पाणीच दिसत नव्हतं. सीडी बुडाली नाही. हिरव्या पानांवर पडून राहिली, उलटी, लखलखत, सूर्य थेट तिच्यावर. येणारा-जाणारा वाकून बघायला लागला. एका बाईनं मला विचारलं, "काय पडलं का गं तुझं?" मी नाही म्हटलं. मी तिथं उभी राहून नुसती बघत होते आणि मनात म्हणत होते की बुड ना. बुड की गं एकदाची. ती बुडाली नाही. शेवटी मीच घरी आले.

दादाला सांगितलं, सीडी वर्गातल्या मैत्रिणीनं नेली आणि हरवली. तो म्हणाला, "जाऊ दे, त्यात काय." इतकंच. एक शब्द बोलला नाही मला. त्याची सगळ्यात लाडकी वस्तू होती ती.

मग दुसरी सीडी लावली, जिच्यात त्यातलंच एक गाणं होतं. ते सुरू झालं. चिस-चिस आली. मी डोळे मिटले नव्हते. दादा कपाळाला आठ्या घालून, प्लेअरच्या अगदी जवळ सरकून ऐकत होता. एकदा बंद केलं, पुन्हा लावलं. आणि मग त्यानं मला विचारलं. त्याचा आवाज कसा होता, ते मला लिहिता येत नाही. एवढा मोठा माणूस, घर ओढणारा, आणि विचारत होता एखाद्या पोरासारखा — "मने, इथं ती चिस-चिस होती ना गं?"

ती होती. त्या क्षणी वाजत होती. खोलीभर वाजत होती.

मी म्हटलं, "ही सीडी वेगळी आहे, दादा. त्या डीजेनं काढून टाकलंय ते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा इतका मोकळा झाला! हसलाच तो. "तरीच म्हटलं," असं म्हणाला. मग आम्ही खेळ खेळलो आणि मी दर वेळी हरले. "माझे कान ठणठणीत आहेत, त्या गाडीवाल्यांचंच मशीन खराब," असं त्यानं आईला जाऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत स्टोअरची जागा नाकारली. त्या जागेवर दुसरा कुणी गेला. मला डिग्रीला प्रवेश मिळाला, तेव्हा दादानं कॅम्पातून पेढे आणले होते.

बस. हेच ते. इतक्या वर्षांत तोंडाबाहेर न पडलेलं, ते इतकंच आहे. लिहून झालं तरी काही हलकं वाटत नाही मला. हलकं वाटेल असं लोक सांगतात, ते काय बोलतात कुणास ठाऊक.

आता मी तळेगावला एका डिझाइन ऑफिसात आहे. खुर्ची आहे. एसी आहे. इतकं शांत आहे की कुणी पेन खाली ठेवलं तरी ऐकू येतं. दादा पुढं कितीतरी वर्षं प्रेसवरच राहिला. त्याचं लग्न झालं, वैशालीवहिनी आली, मुलगी झाली. घरातला टीव्ही मोठा होत गेला. शेजारी भिंतीवर थापा मारायला लागले. लग्नाकार्यात सगळे हसले की तो हसायचा, पण जरासा उशिरा, आजूबाजूला बघून. मी ते बघायचे आणि ताटाकडे मान घालायचे. मग ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदारानं सगळ्यांची तपासणी केली, आणि दादाला प्रेसवरून काढलं. स्टोअरची जागा तेव्हा रिकामी नव्हती. आता तो चाकणलाच एका गोदामात पॅकिंग करतो. कानात दिवसरात्र शिट्टी वाजते म्हणतो. मुलगी बाबा-बाबा करत मागून येते आणि शेवटी कंटाळून त्याचा शर्ट ओढते.

आणि गाणी? गाणी तो ऐकतो अजून. मोबाइलवर सगळं मिळतं आता. पण त्याचा जीव रमत नाही. मध्यंतरी मला म्हणाला, "आता पूर्वीसारखं बनवत नाहीत, मने. सगळं सपाट झालंय. डीजे लोक आळशी झालेत. बारीकसारीक सगळं काढूनच टाकतात." माझंच वाक्य! मी त्याला दिलेलं. इतकी वर्षं त्यानं ते जपून वापरलं, प्रत्येक गाण्याला लावलं, आणि त्याच्या जगातला एकेक आवाज विझत गेला तरी त्यानं दोष दिला तो कुठल्याशा परदेशातल्या डीजेला. मी काय म्हणाले त्यावर? "हो ना," म्हणाले.

ती पहिली सीडीही आता मोबाइलवर आहे, सबंध, तशीच. मी एकदा ऑफिसात हेडफोन लावून ऐकायचा प्रयत्न केला. दुसऱ्या गाण्यात तिसरं शिरायच्या जागी ती चिस-चिस आली आणि मी हेडफोन उपटून काढला. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्यानंतर मी कुठलंच गाणं ऐकलेलं नाही. ते काही प्रायश्चित्त वगैरे नाही, तसं समजू नका. माझ्यानं होत नाही, एवढंच.

गेल्या महिन्यात चाकणच्या रस्त्यावर मागून येणारा ट्रक दादाला ऐकू आला नाही. लोक ओरडले, तेही ऐकू आले नाहीत. एका हमालानं शर्टाला धरून ओढलं म्हणून वाचला. वहिनी रडून रडून अर्धी झाली. तिनं मला फोन केला. "ताई, तुम्हीच घेऊन जा त्यांना कानाच्या डॉक्टरकडं. तुमचंच ऐकतील ते."

मी घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण वाईट नव्हता. यंत्र लावून तपासलं. मग विचारलं की हे कधीपासून. दादाला प्रश्न कळला नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, नेहमीसारखा, माझ्या ओठांकडे. मी डॉक्टरांना म्हटलं, "असतील दोन-तीन वर्षं."

डॉक्टरनं मान हलवली. खाली बघून लिहितालिहिता म्हणाला, "दोन-तीन वर्षांचं नाही वाटत हे. खूप जुनं आहे. प्रेसवर होते ना? सुरुवातीलाच तिथून हलवलं असतं तर एवढं झालं नसतं. तेव्हा घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

दादानं माझ्या दंडाला हात लावला. "काय म्हणाले गं?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. डॉक्टर लिहीत होता. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता, शब्द चुकू नये म्हणून डोळे बारीक करून. मला फक्त डॉक्टरचं वाक्य तसंच्या तसं म्हणायचं होतं. माझं स्वतःचं काही नाही, फक्त त्याचं.

मी त्याच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हटलं, "वयानं होतं म्हणाले, दादा. कुणाला लवकर, कुणाला उशिरा."

डॉक्टरनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा लिहायला लागला.

दादा हसला. "म्हणजे म्हातारा झालो मी," असं तो म्हणाला, इतक्या मोठ्यानं की बाहेर बाकावर बसलेली माणसं दारातून आत डोकावली. आपला आवाज किती आहे, हे त्याला आता कळत नाही. मी त्याचा हात धरून त्याला बाहेर आणलं. जिना उतरताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू आलीस ते बरं झालं, मने. दुसऱ्या कुणी मला इतकं नीट सांगितलं नसतं."

मी हो म्हटलं आणि गाडी सुरू केली.